समोर बसून वाजवताना नेमकं काय जुळतं?

मात्रा_दहा

मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढते. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

लग्नाआधी मी मिरजेत होते. तिथे आठ वर्षं गुरुजींसमोर बसून तबला शिकले. मग डोंबिवली, नोकरी, मुलगा, आणि डग्ग्यावर धूळ. २०२० च्या टाळेबंदीत गुरुजींचाच फोन आला, "घरी बसून काय करतीस? व्हिडिओवर सुरू कर की." तेव्हापासून दर रविवारी सकाळी सातला आमची शिकवणी व्हिडिओवर चालते.

व्हिडिओवर एकत्र वाजवता येत नाही. त्यांचा ठेका माझ्यापर्यंत पोचतो तोवर ते पुढे गेलेले असतात, आणि माझा हात त्यांना त्याहून उशिरा ऐकू जातो. म्हणून ते वाजवून दाखवतात, थांबतात, मग मी वाजवते. एरवी रियाजाला, पेटीवर एकच धून तालात फिरवत ठेवणारं, लहऱ्याचं अ‍ॅप. त्याची लय केसभर हलत नाही. हात साफ झाला, बोल सुधारले, त्याबद्दल तक्रार नाही.

मागच्या महिन्यात सांगलीला लग्न होतं म्हणून मिरजेला उतरले. गुरुजी आता ७८ वर्षांचे आहेत. त्यांनी पेटी ओढली आणि झपतालाचा, म्हणजे दहा मात्रांच्या तालाचा, लहरा धरला. पहिली पाच-सात मिनिटं मी चाचपडत होते. मग कधीतरी त्यांचा हात एका सुरावर किंचित रेंगाळला आणि मला कळलं, ते माझी वाट बघतायत. मी तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. आधी ठरवलेली नव्हती. समेवर दोघं एकदम आलो आणि त्यांनी मान हलवली तेव्हाच माझीही हलली. गेल्या एवढ्या वर्षांत व्हिडिओवर हे एकदाही झालं नव्हतं. परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही.

तर प्रश्न दोन. एक, हे काय असतं? माणसं एकत्र काही करताना त्यांच्या मेंदूतल्या लहरी जुळतात असं वाचलंय. खरंच काही जुळतं, की दोघांच्या कानावर एकच लय पडते म्हणून तसं वाटतं? कानावर लय तर अ‍ॅपही घालतं. दोन, महिन्यातून एकदा मिरजेला जायला सुरुवात करू का? कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी, सकाळी मिरज, रात्री परत. खर्च आहे, गुडघे आहेत, सोमवारचं ऑफिस आहे.

कटिंग_चहा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जा. पहिल्यासाठी जाणकार येतीलच, मी इथे बसून वाचतो.

टोरांटोची_तिखट

ताई, तुमचं वाचून साताऱ्याला आईशी होणारं बोलणं आठवलं. "बोल ना." "नाही, तू बोल." मग दोघी एकदम, मग दोघी गप्प. मला वाटायचं आमच्यात अंतर पडलंय. खरं तर आमच्यात पडला होता तो जेमतेम अर्ध्या सेकंदाचा उशीर.

या विषयावर २००९ चा एक सुंदर अभ्यास आहे. जपानीपासून मेक्सिकोतल्या त्सेल्तालपर्यंत दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतची फट बघितली, तर ती बहुतेक ठिकाणी २०० मिलिसेकंदांच्या आसपास. भाषाभाषांत फरक होता, पण थोडा. आता गंमत अशी की साधं चित्र बघून त्याचं नाव उच्चारायलाच माणसाला ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं, आणि ते कुठे संपणार याचा अंदाजही बांधलेला असतो. फोनवरच्या उशिरात तो अंदाज चुकत राहतो.

आम्ही त्यावर एक उपाय काढला. रविवारी फोन ओट्यावर टेकवून ठेवायचा आणि दोघींनी आपापली भाजी निवडायची. मी मेथी, ती गवार. बोलायचं बंधन नाही. सुचलं तर बोलायचं. त्या तासात आई जे बोलते ते एरवीच्या फोनवर कधी बोलली नाही.

अव्यक्त_राशी

मी मेंदूच्या संकेतांवर काम करते (जर्मनीत, मुख्यतः ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणं), म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सगळ्यात गाजलेला प्रयोग प्रिन्स्टनचा, २०१० चा. उरी हासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीला एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कुठला भाग कधी काम करतो ते दाखवणाऱ्या) झोपवून तिच्या शाळकरी वयातला एक प्रसंग सांगायला लावला. पाठ केलेला नाही, सुचेल तसा. तिचं ध्वनिमुद्रण मग ११ जणांना त्याच यंत्रात ऐकवलं. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल बोलणारीच्या मेंदूतल्या हालचालीसारखीच निघाली, फक्त थोडी मागून. काही भागांत मात्र ऐकणारा पुढे होता, म्हणजे पुढचं आधीच ताडत होता. जे जास्त ताडत होते त्यांना गोष्ट जास्त समजलेली निघाली. आणि ज्यांना रशियन येत नाही अशांना रशियनमधली गोष्ट ऐकवली, तेव्हा हे जुळणं दिसेनासं झालं.

आता पथ्य. या प्रयोगात बोलणारी आणि ऐकणारे एकमेकांसमोर नव्हतेच, मध्ये ध्वनिमुद्रण होतं. म्हणजे नुसतं ऐकूनसुद्धा एका प्रकारचं जुळणं होतं. दोन माणसांच्या डोक्यावर एकाच वेळी टोप्या चढवून लहरी मोजल्या आणि त्या जुळल्या, तर पहिली शंका हीच घ्यायची की दोघांना एकच आवाज ऐकू येत होता. तबल्याचा ठेका कानावर पडला की प्रत्येक मेंदू त्या ठेक्याला उत्तर देतो. दोन अनोळखी माणसं दोन गावांत बसून एकच गाणं ऐकत असली तरी त्यांच्या लहरी मिळत्याजुळत्या दिसतील. म्हणून आम्ही खोट्या जोड्या लावून बघतो. तुमच्या लहरी गुरुजींच्या लहरींशी ताडून बघायच्या, आणि त्याच तालावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाबरोबर वाजवणाऱ्या तबलजीच्या लहरींशीही. खरी जोडी खोट्या जोडीपेक्षा जास्त जुळली, तर काही बोलायला जागा होते. या क्षेत्रातले बरेच जुने दावे या चाळणीत गळतात.

तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारा प्रयोग खरं तर साध्या बोटांचा आहे. २०१० मध्येच डेन्मार्कमध्ये इवाना कॉनवालिंका आणि सहकाऱ्यांनी दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून बोटाने ठेका धरायला सांगितलं. कधी दोघांना एकमेकांचा ठेका ऐकू यायचा, कधी फक्त संगणकाचा. दोघं एकमेकांना ऐकत असताना असं दिसलं की प्रत्येक ठोक्याला दोघंही सरकतात. एक जरा पुढे गेला तर पुढच्या ठोक्याला तो थांबतो आणि दुसरा घाई करतो. म्होरक्या कुणीच नाही, दोघंही मागून येणारे. संगणकाबरोबर अर्थात फक्त माणूसच सरकतो.

मात्रा_दहा, तुमचं अ‍ॅप म्हणजे तो संगणक. ते तुमची वाट बघत नाही.

मात्रा_दहा

"ते तुमची वाट बघत नाही." हे वाचून थांबलेच. हेच मला सांगता येत नव्हतं.

शंकासुर

प्रश्न मनापासून विचारतोय, राग नसावा. दोन लंबकांची घड्याळं एका तुळईला टांगली तर तीही जुळतात. ख्रिस्तियान हायगेन्सने १६६५ मध्ये आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या ते पाहिलं होतं. तुळईतून अगदी बारीक धक्के एकीकडून दुसरीकडे जातात, बस. तिथे मन नाही, गुरू नाही, शिष्य नाही. मग माणसांच्या जुळण्यात वेगळं काय? आणि मेंदूत बघायची गरज काय, हातात बघा ना.

अव्यक्त_राशी

@शंकासुर, शंका रास्त आहे. जुळण्याला मन लागत नाही हे खरंच. डुलत्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसवलेली माणसंही नकळत एका लयीत डुलायला लागतात.

फरक मला असा वाटतो. घड्याळाला फक्त आत्ताचा धक्का कळतो. माणूस पुढच्या धक्क्याचा अंदाज बांधतो. मात्राताईंना गुरुजींचा हात रेंगाळलेला कळला, कारण तो कधी पडायला हवा होता हे त्यांच्या डोक्यात आधीच होतं. मेंदूत बघायचं ते त्या अंदाजासाठी. पण नुसते हात मोजूनही पुष्कळ कळतं या तुमच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी ते जास्त करावं असं मला कळकळीने वाटतं.

गोधडी

मी ७१ वर्षांची आहे, मेंदूच्या लहरींतलं मला कळत नाही. पण जातं माहीत आहे.

आमच्या लहानपणी आजी आणि धाकटी काकू पहाटे जात्यावर समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचे हात. अर्धा वेढा हिने ओढायचा, अर्धा तिने. दिवसभर त्या दोघींचं पटायचं नाही, स्वयंपाकघरात शब्दाला शब्द. पण जात्यावर बसल्या की एकीने ओवी उचलायची, दुसरीने शेवटचा चरण धरायचा, आणि पीठ सारखं पडायचं. एकीने रागाने ओढलं तर जातं लगेच सांगतं, दुसरीच्या खांद्याला झटका बसतो. म्हणून तिथे राग ठेवून चालायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्या वाचताना मला शब्दांच्या आधी तो खुंट्यावरचा दुसरा हात आठवतो.

आणि दुसरं, हुंकार. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही "हूं" म्हणायचं असा नियम होता. हूं थांबला की गोष्ट थांबली. आम्हाला वाटायचं पोरं झोपली का ते बघायला ती असं करते. आता मी नातवाला सांगते तेव्हा कळतं. तो हातात मोबाइल घेऊन "हूं" म्हणतो तेव्हा माझी गोष्ट फसते. राक्षस येतो आणि नुसताच निघून जातो.

अव्यक्त_राशी

गोधडीआजी, तुमचा राक्षस प्रयोगशाळेत येऊन गेलाय! जॅनेट बाव्हेलास यांनी २००० साली कॅनडात हेच करून पाहिलं. एकाने जिवावरच्या प्रसंगातून थोडक्यात वाचल्याची स्वतःची हकिगत सांगायची, दुसऱ्याने ऐकायची. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप वेगळं काम दिलं होतं, बोलणाऱ्याच्या शब्दांतले 'टी'ने सुरू होणारे शब्द मोजायचे. ते माणसाकडे बघत होते, शब्द न् शब्द ऐकत होते. पण "बाप रे", "अरेरे" योग्य जागी येईना. आणि सांगणारे गोष्ट वाईट सांगायला लागले, विशेषतः शेवट. ऐन रंगाच्या जागी अडखळायचे, तेच तेच पुन्हा सांगायचे.

म्हणजे हकिगत सांगणाऱ्याची असली तरी ती चांगली होणं दोघांच्या हातात असतं. तुमच्या आजीचा नियम अगदी बरोबर होता.

गोधडी

नातवाला वाचून दाखवलं. आजपासून मोबाइल उशाखाली ठेवायचं कबूल केलंय त्याने.

ताशा_तर्री

पुण्यातल्या पथकात अकरा वर्षं वाजवतोय. मात्राताईंनी उशिराचं लिहिलंय म्हणून हिशोब मांडतो.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आमची रांग लांबली की पुढच्या ताशापासून शेवटच्या ढोलापर्यंत २५ मीटर सहज होतात. म्हणजे शेवटच्या ढोलवाल्याला ताशा ७० मिलिसेकंदांहून उशिरा ऐकू येतो. त्याने कानाच्या भरवशावर वाजवलं तर त्याचा टोल पुढच्यांना आणखी ७० नंतर ऐकू येणार. द्रुत लयीत एवढ्यात सगळं चिखल होतं. नवीन पोरांचं पहिल्या सरावाला नेमकं हेच होतं, मागची बाजू ओढत राहते आणि अख्खं पथक बसत जातं.

म्हणून आम्ही त्यांना सांगतो, मागे असलास तर कानाने वाजवू नकोस, डोळ्याने वाजव. पुढच्याच्या टिपरूचा उचललेला हात बघ. प्रकाशाला उशीर नाही. पुलाखाली किंवा लक्ष्मी रस्त्याला दोन्हीकडच्या इमारतींचा घुमारा आला की कान आणखी फसवतो, तिथे तर हातच. व्हिडिओ शिकवणीत नेमकं हेच हातातून जातं, चित्रही उशिरा येतं.

अव्यक्त_राशी

ताशा_तर्री, फार छान मांडलंत. स्टॅनफर्डच्या क्रिस चाफे यांनी दोन माणसांना वेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा ठेका धरायला लावला आणि मधला उशीर वाढवत नेला. उशीर वाढला की लय पडत जाते, तुमच्या नव्या पोरांसारखी. पण उशीर जवळजवळ शून्य केला तर उलट लय चढायला लागते. मधे एक बारीकसा पट्टा आहे जिथे लय टिकते, आणि तो साधारण काही मीटरवर बसलेल्या माणसांएवढा येतो. एका खोलीत समोरासमोर, एवढा.

फळा_खडू

आठवी-नववीला शास्त्र शिकवते. न्यू यॉर्कमधला २०१७ चा एक अभ्यास वाचला होता. एका वर्गातल्या १२ मुलांना अख्खं सत्र सुटसुटीत ईईजी पट्टे लावून ११ तासांत मोजलं. ज्या तासांत मुलांना रस वाटला, तिथे त्यांच्या लहरी एकमेकांशी जास्त जुळल्या. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. तासाआधी दोन मुलांनी थोडा वेळ एकमेकांकडे नुसतं बघितलं असेल, तर पुढे तासात त्या दोघांचं जास्त जुळलं.

तेव्हापासून मी हजेरी घेताना वहीत बघत नाही. नाव घेते आणि त्या मुलाकडे बघते. ५४ मुलं आहेत, चार मिनिटं जातात. तास बदलतो. हे मोजलेलं नाही, पण मला वर्गात जाणवतं.

कटिंग_चहा

टाळ्यांवरून आठवलं. रुमानिया-हंगेरीत मैफल संपल्यावर लोक एका ठेक्यात टाळ्या वाजवतात. २००० साली त्याचं ध्वनिमुद्रण करून काही भौतिकशास्त्रज्ञांनी शोधून काढलं की एकत्र येण्यासाठी प्रत्येक जण आपला वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो. हळू वाजवलं की माणसामाणसांतला फरक कमी होतो आणि जुळतं. पण मग आवाज कमी पडतो, म्हणून उत्साहात पुन्हा वेग वाढतो आणि ठेका मोडतो. पुन्हा जुळतो, पुन्हा मोडतो.

भजनी मंडळाचंही तसंच नाही का? विलंबितातून सुरुवात, सगळे टाळ एक झाले की मग चढवायचं.

वाळूतला_खेकडा

मालवण. आमच्याकडे रापण. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे, दोन रांगांत. जाळं ओलं, वर लाटेची ओढ. एकेकट्याने जोर लावून ते तसूभर हलत नाही. सगळ्यांचा जोर एका क्षणी पडला तरच दोर येतो, आणि तो क्षण लाट ठरवते. लाट आत येताना ओढायचं, परतताना नुसतं धरायचं. म्हातारी माणसं तोंडाने हाळी देतात, पण तासाभराने हाळीचीही गरज पडत नाही.

दोन्ही रांगा सारख्या यायला हव्यात, नाहीतर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. म्हणजे माझ्या पुढच्याशी जुळून भागत नाही, शंभर पावलांवरच्या त्या रांगेशीही जुळायला लागतं. आम्ही एकमेकांना पाण्यातल्या जाळ्यातून ओळखतो. दोर हातात सांगतो की पलीकडचे दमले.

मुंबईहून आलेले पाहुणे हौसेने दोर धरतात. अर्ध्या तासात ते आमच्यातले होतात. वाटे पडताना त्यांनाही चार बांगडे द्यावेत असं कुणी सांगावं लागत नाही.

निवृत्त_नांगर

खेकडेभाऊ, दोर हातात सांगतो हे अगदी पटलं. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर २०१० मध्ये झालेल्या एका अभ्यासात असं निघालं होतं की तोच व्यायाम एकट्याने केल्यापेक्षा चमूने लयीत केल्यावर वेदना सोसायची ताकद जास्त वाढते.

पण धाग्यावर सगळं गोडगोड चाललंय म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी नौदलात होतो. कवायतीच्या मैदानावर पहिल्या दोन आठवड्यांत काय होतं ते सांगतो. पाय एक पडायला लागले की छाती भरून येते. शेजारच्याचं नाव माहीत नसतं आणि त्याच्यासाठी जीव द्यावासा वाटतो. ही भावना खरी आहे, तिच्या जोरावर माणसं एकमेकांना वाचवतात. मी पाहिलंय.

तीच भावना कुणी हुकूम दिला तर काहीही करायला लावू शकते. स्कॉट विल्टरमुथ आणि चिप हीथ यांनी २००९ मध्ये दाखवलं की पावलाला पाऊल लावून थोडं चालल्यावर माणसं एकमेकांना जास्त सहकार्य करतात. पुढे २०१२ मध्ये विल्टरमुथनीच दाखवलं की ज्यांना पाऊल जुळवून चालवलं होतं ते, सांगितल्यावर, जिवंत किडे मारायच्या यंत्रात टाकायलाही जास्त तयार झाले. मिरवणुकीत जमावाचं काय होतं हे आपण बघतो. पाय कुणाबरोबर पडतायत तेवढंच पुरत नाही, ते कुठे चाललेत हेही बघायला हवं.

ताशा_तर्री

काका, हे पथकात नव्या पोरांना वाचून दाखवणार आहे. परवानगी असावी.

निवृत्त_नांगर

अवश्य दाखवा.

झोपाळा

बरेच दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितो.

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. "नजर मिळवत नाही, जुळवून घेत नाही" हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की 'जुळणं' हा शब्दच मला टोचायला लागला होता. एका ठिकाणी त्याला समोरच्याची नक्कल करायचा सराव द्यायचे. टाळी वाजव, हात वर कर. तो करायचा, आणि घरी आल्यावर दोन तास कानावर हात ठेवून कोपऱ्यात बसायचा. आम्ही ते बंद केलं.

आमच्या घरी लाकडी झोपाळा आहे. त्यावर बसून तो डुलत असतो, स्वतःच्या लयीत. एके दिवशी दमून मी नुसता शेजारी जाऊन बसलो आणि पायाने झोका देणं सोडून दिलं. त्याची लय घेतली. ती बरीच हळू होती, माझ्या श्वासापेक्षाही हळू. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने डुलणं थांबवलं. मीही थांबलो. त्याने माझ्याकडे न बघता पुन्हा सुरू केलं, मीही केलं. असं त्याने चार वेळा केलं. चौथ्या वेळी तो हसला. तो मला तपासत होता! मी येतो का, हे बघत होता.

तोवर सगळ्यांनी त्यालाच आमच्या लयीत आणायचा प्रयत्न केला होता, त्याच्या लयीत जाऊन कुणी बसलं नव्हतं. नंतर वाचलं की डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने २०१२ मध्येच मांडलं होतं, अडचण दोन्ही बाजूंची असते. आणि २०२० च्या एका प्रयोगात स्वमग्न माणसांच्या साखळीतून एकाकडून दुसऱ्याकडे माहिती तितकीच नीट पोचली जितकी इतरांच्या साखळीतून. गळती झाली ती मिश्र साखळीत.

अव्यक्तताई, तुमच्या त्या बोटांच्या प्रयोगात दोघंही सरकतात असं लिहिलंत. ते वाचून आज लिहावंसं वाटलं.

अव्यक्त_राशी

झोपाळा, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. आमच्या प्रयोगांत 'जास्त जुळलं म्हणजे चांगलं' असं धरून चालायची खोड आहे. ती मोडायला हवी. चांगल्या गप्पांमध्येही माणसं सतत जुळलेली नसतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बोलणाऱ्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांचं लहान-मोठं होणं मोजलं, तर नजर भिडते त्या क्षणी जुळणं शिगेला असतं आणि लगेच उतरायला लागतं. नजर वळली की पुन्हा चढतं. एकमेकांपासून सुटणं हाही गप्पांचाच भाग निघाला.

तुमच्या मुलाने चार वेळा थांबून पाहिलं, तेही हेच. त्याने आधी सोडलं, मग जुळवलं.

गोधडी

झोपाळा, पोराला माझा आशीर्वाद सांगा. तुमच्या पायालाही.

कटिंग_चहा

एक भाबडा प्रश्न. म्हणजे मनातलं मनाला कळतं हे खरं का? माझ्या बायकोला मी तोंड उघडायच्या आत कळतं.

अव्यक्त_राशी

मनातून मनात थेट काही जात नाही. जे जातं ते उजेड, आवाज, स्पर्श, वास यांतूनच. वहिनींना तुमचा श्वास, खांदे, भुवया, खुर्ची सरकवायची पद्धत, सगळं पाठ झालंय. त्यांनी वर्षानुवर्षं तुमच्याकडे लक्ष दिलंय. मला ही गोष्ट टेलिपथीपेक्षा खूप मोठी वाटते.

कटिंग_चहा

वाचून दाखवलं. चहा मिळाला. अर्थात मी मागायच्या आत.

मात्रा_दहा

तीन आठवड्यांनी परत येतेय. धागा एवढा चालेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. गोधडीआजींचं जातं आणि झोपाळा यांचा झोपाळा माझ्याबरोबर मिरजेला आले होते.

हो, गेले. शुक्रवारी रात्री कल्याणहून बसले, सकाळी मिरज. अव्यक्तताईंचं वाचून ठरवलं होतं की मोजायचं. गुरुजींना विचारून फोन मध्ये सतरंजीवर ठेवला. पुन्हा झपताल, पुन्हा त्यांची पेटी, सलग वीस मिनिटं. मग त्याच खोलीत, त्याच लयीत, अ‍ॅपवर वीस मिनिटं. गुरुजी खुर्चीवर बसून ऐकत होते.

दुपारी जेवणानंतर मोजायला बसलो. अ‍ॅपबरोबर सुरुवातीचं आवर्तन (दहा मात्रांचा एक फेरा) साडेसात सेकंदांचं आणि शेवटचंही साडेसातचं. पेटीबरोबर सुरुवात साडेसात, शेवट साडेसहाच्याही आत. वीस मिनिटांत एवढी लय चढली आणि दोघांपैकी कुणालाच पत्ता नाही.

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही चढवलीत." ते म्हणाले, "मी कशाला चढवतोय? तूच पळायला लागलीस." मग आम्ही आवर्तन न् आवर्तन ऐकत गेलो. एका ठिकाणी माझा रेला (जलद बोलांची सलग ओळ) जरा दाबून आला, तिथे पेटी सावरायला पुढे सरकली. पुढच्या आवर्तनात पेटी पुढे, तर मी तिला गाठलं. त्याच्या पुढच्यात कोण पुढे ते ऐकूनही सांगता येईना. गुरुजी अर्धा तास कान लावून बसले होते. शेवटी म्हणाले, "हे आता कुणाचं नाव घालायचं?"

अव्यक्त_राशी

दोघं मिळून ठेका धरतात तेव्हा लय चढते हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय, एकट्याने धरण्यापेक्षा जास्त. दोघंही मागे पडू नये म्हणून किंचित पुढे सरकतात. तुमचं मोजमाप मला फार आवडलं. मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं: खरंच काही जुळतं, आणि ते तुमच्या एकटीच्या किंवा त्यांच्या एकट्याच्या मापात सापडत नाही. लहरी न मोजताही ते तुमच्या फोनवर आहे.

शंकासुर

मान्य. लंबकाच्या घड्याळांनी एकमेकांवर लय चढवल्याचा आळ घेतलेला कुणी ऐकला नाही.

मात्रा_दहा

ठरलंय आता. महिन्याचा दुसरा शनिवार मिरज, बाकीचे रविवार व्हिडिओ. व्हिडिओवर फक्त नवा बोल शिकायचा, त्याला तो पुरतो. घरच्या रियाजाला अ‍ॅपच्या जोडीला मुलगा पेटीवर लहरा धरायला शिकतोय. त्याचा झपताल अजून आठव्या मात्रेवर अडखळतो, मग मी थांबते. परवा मी अडखळले तेव्हा तो थांबला.

निघताना गुरुजी म्हणाले, पेटीचा भाता एका बाजूने गळतोय, पुढच्या वेळेपर्यंत दुरुस्त करून ठेवतो.